तीन नंबरची जर्सी मिळाली असेल तर

रग्बीच्या पहिल्याच सरावाला कोणीतरी तुमच्या मानेकडे आणि पोटाकडे बघून 'हा प्रॉप' असं ठरवून टाकलं असेल, तर आधीच सांगतो, कौतुकाची वाट बघू नका. स्क्रम म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण डोकी अडकवून एकमेकांना ढकलतात ती झटापट. तिच्या पहिल्या फळीत मधला तो हुकर, त्याच्या दोन बाजूंना प्रॉप: डावीकडचा एक नंबर म्हणजे लूजहेड, उजवीकडचा तीन नंबर म्हणजे टाइटहेड. वर्ल्ड रग्बी ही जागतिक संघटना वर्षातल्या सर्वोत्तम पुरुष खेळाडूचा पुरस्कार २००१ पासून देते. पहिल्या वर्षी तो आयर्लंडचा हुकर कीथ वुड घेऊन गेला, २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा हुकर माल्कम मार्क्स. प्रॉपला? तोवर एकदाही नाही. २०१९ ची वर्ल्ड कप फायनल आठवा. इंग्लंडचा टाइटहेड काइल सिंक्लर सुरुवातीलाच डोक्याला मार लागून बाहेर गेला, डॅन कोल आत आला, आणि दक्षिण आफ्रिकेच्या लूजहेड तेंडाई म्तावारिराने कोलच्या बाजूने इंग्लंडचा स्क्रम पार खिळखिळा केला. त्यातून मिळालेल्या पेनल्ट्या (चुकीबद्दल मिळणाऱ्या किक) मारायला अर्थात आफ्रिकेचा हँड्रे पोलार्ड पुढे. त्याच्या नावावर २२ गुण लागले. सामनावीर ठरला त्यांचाच आठ नंबरचा, म्हणजे स्क्रमच्या मागच्या टोकाचा, डुएन फर्म्युलेन.

मी नोकरीसाठी दक्षिण वेल्समध्ये आलो आणि तिशीत एका छोट्या क्लबच्या खालच्या संघात टाइटहेड झालो. पाँटिपूल इथून जवळच. तिथल्या फॉकनर, विंडसर आणि प्राइस यांची पहिली फळी १९७५ साली एकत्र वेल्सकडून उतरली. इथल्या जुन्या मंडळींच्या तोंडून ही तीन नावं एका दमात येतात, सुटी क्वचितच. माझ्या आईला मी सामन्याचा व्हिडिओ पाठवतो तेव्हा तिचा प्रश्न ठरलेला असतो, "अरे, तुझ्याकडे चेंडू का देत नाहीत?" याची सवय होते. खरंच होते.

नडते ती वेगळीच गोष्ट. मैदानात तुमच्याकडे नीट बघणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे रेफरी. आणि तो बघतो चूक शोधायला. कुस्तीत चीत कोण झालं ते अख्ख्या मैदानाला दिसतं. स्क्रम कोसळला की कोणी पाडला हे कित्येकदा आतल्यांनाही कळत नाही. रेफरीला मात्र दोन सेकंदांत निर्णय द्यायचा असतो. मग तो जे दिसेल त्यावर देतो, आणि त्याला सगळ्यात आधी दिसतो तुमचा उजवा कोपर.

या कोपराने माझा अख्खा सीझन खाल्ला, म्हणून जरा लांबण लावतो. टाइटहेडचं डोकं समोरच्या लूजहेड आणि हुकरच्या मध्ये अडकलेलं असतं, म्हणजे दोघांचा भार तुमच्यावर. रेफरीने 'बाइंड' (एकमेकांना धरा) म्हटल्यावर उजव्या हाताने लूजहेडची जर्सी धरायची, पाठीवर किंवा कुशीला. बाही, दंड, छाती, कॉलर धरायला नियमाने बंदी आहे. सुरुवातीला हात बरोबर पडतो. पण सामना सरकतो, दम लागतो, पकड आखूड होते आणि कोपर जमिनीकडे वळतो. कोपर गेला की खांदा जातो, खांद्यामागे छाती, आणि कंबर वर येते. बेरकी लूजहेड हे ओळखून तुमचा हात आणखी खाली ओढतो. पाडतो तो, शिट्टी तुमच्या नावाची. रेफरीशी वाद घालून उपयोग नाही. त्याला दिसलेलं चित्र तुमच्याच विरोधात असतं. म्हणून लांब हात टाका, जर्सी मुठीत घट्ट धरा आणि कोपर खांद्याच्या रेषेत ठेवा. जमत नसेल तर घरी आरशासमोर करा, हसायचं ते हसू दे.

आणखी एक. रेफरी बहुधा चेंडू आत टाकतात त्या बाजूला उभा असतो. समोरच्या संघाची फेक असली की तिथे तुम्ही थेट त्याच्या नजरेखाली असता. दमलेले असाल तरी त्या स्क्रमला हात ढिला सोडू नका.

रेफरीचा विश्वास काय करतो ते २००३ च्या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया वर्ल्ड कप फायनलमध्ये बघा. रेफरी आंद्रे वॉटसन इंग्लंडच्या स्क्रमला पुन्हा पुन्हा शिक्षा देत होते, त्यातल्याच एका पेनल्टीवर ऑस्ट्रेलियाने शेवटच्या क्षणी बरोबरी साधली. मग इंग्लंडचा प्रॉप जेसन लेनर्ड आत आला. माझ्याकडून त्रास होणार नाही, असं त्याने रेफरीला आधीच सांगून टाकलं आणि स्क्रम शांत झाला. लोकांना आठवतो तो इंग्लंडला जिंकून देणारा विल्किन्सनचा ड्रॉप गोल (चेंडू जमिनीवर टाकून लगेच मारलेली किक). असो.

शॉर्टकट विचाराल तर एकही नाही. पावडरी खाऊन दोन महिन्यांत वाढवलेलं वजन पहिल्या खऱ्या लूजहेडसमोर उघडं पडतं. आणि ज्याने स्वतः कधी स्क्रममध्ये डोकं घातलं नाही अशा कोचकडून स्क्रम शिकू नका, मग तो कितीही नावाजलेला बॅक (स्क्रमबाहेर राहून धावणारा खेळाडू) असो. क्लबच्या बारमध्ये कोपऱ्यात बसलेला, मान न वळवता अख्खं अंग वळवून बघणारा म्हातारा शोधा. पुणे-मुंबईत सेव्हन्स (सात जणांची रग्बी) खेळून आलेल्यांनी तर नक्कीच. तिथे स्क्रमला तिघंच असतात. इथे मागून आणखी पाच जणांचा रेटा येतो, तो अनुभवल्याशिवाय कळत नाही.

घाबरवतोय असं वाटत असेल, तर वयाचं तरी टेन्शन घेऊ नका. या जागेवर माणूस उशिरा पिकतो. २०१९ ची ती फायनल खेळताना म्तावारिरा ३४ वर्षांचा होता. तुमचं काम जोखायला मागच्या लॉकला, म्हणजे दुसऱ्या फळीतून तुम्हाला रेटणाऱ्याला विचारा, त्याच्या खांद्याला तुमच्या ढकलण्यातला फरक बरोबर कळतो.

मानेच्या बाबतीत मात्र हयगय नको. मान वाकडी पडली किंवा हातात मुंग्या आल्या, तर मुकाट्याने बाहेर या. बदली प्रशिक्षित प्रॉप नसेल तर नियमानुसार विनाढकल स्क्रम खेळवतात. संघ चिडेल, चिडू दे. पुढे बरे झालात की तेच फोन करतील, कारण जास्तीचा टाइटहेड मी तरी कुठल्या क्लबकडे पाहिलेला नाही.