जुन्या मस्टँगचा हीटर कोअर बदलताना या चुका टाळा

१९६५-६६ च्या फोर्ड मस्टँगमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचं कार्पेट ओलं दिसलं की बरेच जण थेट नवा हीटर कोअर, म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर गाडीतली हवा तापवणारा छोटा रेडिएटर, मागवतात. सगळ्यांत महागडी चूक हीच. या गाड्यांचं दुसरं जुनं दुखणं म्हणजे काउल. पुढच्या काचेखालच्या जाळीतून शिरलेलं पावसाचं पाणी या बंद पत्र्याच्या पेटीतून दोन्ही बाजूंनी बाहेर जायला हवं. पण आत पाला साचतो, ओल धरते आणि हवेच्या भोकाभोवतीची पत्र्याची कड गंजते. मग पाणी उतरतं ते नेमकं कोअर ज्यात बसतो त्या हीटरच्या खोक्यावर आणि तिथून कार्पेटवर.

फरक कळायला अवघड नाही. ओल बोटाला बुळबुळीत लागते, गोडसर वास येतो, काचेवर गरम हवा सोडणारा डिफ्रॉस्टर लावला की काचेवर आतून चिकट धुरकट थर चढतो, रेडिएटरमधलं कुलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत जातं? मग कोअरच गळतोय. बोटाने पाहा, जिभेने नको. कुलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि सांडलेलं चाटायला कुत्री-मांजरं येतात, तेही लगेच पुसा. ओल नुसत्या पाण्याची वाटली तर कोरड्या दिवशी जाळीवर हळूहळू बादलीभर पाणी ओता आणि कुणाला तरी टॉर्च देऊन डॅशबोर्डखाली बसवा. काउल गळका निघाला तर काम पत्र्यावाल्याचं. ती पेटी स्पॉट वेल्डिंगची आहे, स्क्रूने उघडत नाही.

कोअर दोषी ठरलाच तर आधी बॅटरी सोडवा. रेडिएटर रिकामा केला म्हणून कोअर रिकामा होत नाही. इंजिनाच्या बाजूने होज (रबरी पाइप) सोडून कोअरच्या एका नळीत हलकी हवा मारा, दुसरीखाली बादली धरा. हे टाळलं की खोकं काढताना उरलेलं सगळं कार्पेटवर सांडतं. चिकटलेले होज पिळून ओढू नका. जुना कोअर वाकला तर वाकू दे, पण इंजिनावरच्या इनटेक मॅनिफोल्ड किंवा वॉटर पंपाकडचं टोक दुखावलं तर काम दुप्पट होतं. ब्लेडने लांबीत चीर द्या, सोलून काढा आणि दोन्ही होज नवेच घाला.

ग्लोव्ह बॉक्स काढा, केबलींचे फोटो घ्या, मगच हात घाला. खोक्याचे नट फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, इंजिनाकडच्या बाजूला असतात. ते विसरून आतून पेचकसाने उचकटणारे कमी नाहीत, आणि इतकं जुनं खोकं तडकायला निमित्तच शोधत असतं.

खोकं टेबलावर आलं की घाई नको. माझ्या मते खरं काम इथे आहे, कोअर फक्त निमित्त. आतल्या हवा वळवणाऱ्या झडपांवरचा फोम हात लावताच भुगा होतो. तो खरवडून नवा लावा. कोअरभोवतीची फोमची पट्टीही विसरू नका. ती नसली तर थंड हवा कोअरला वळसा घालून निघून जाते, आणि नवाकोरा कोअर असूनही हीटर कोमटच राहतो. ब्लोअर मोटर (हीटरच्या पंख्याची) कुरकुरत असेल तर आत्ताच बदला, नाहीतर हेच खोकं पुन्हा उतरवावं लागेल. नवा कोअर न तपासता बसवू नका. एक नळी बंद करा, दुसरीतून हातपंपाने १० ते १२ पीएसआय हवा भरा आणि तो पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहा. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब देऊ नका.

बसवताना क्लॅम्प आवळण्यात जोर दाखवू नका. पितळी नळी दबते.

गाडी चालू केल्यावर गोड वास आला म्हणून नवा कोअर गळका ठरवू नका. कुलंट पाण्यासारखं सुकून जात नाही. कार्पेट धुवा, खालचा नमदा फेकून द्या.

हीटर थंडच असेल तर इंजिन तापल्यावर दोन्ही होज हाताने चाचपा. एसी नसलेल्या या गाड्यांत गरम पाणी कोअरमधून सतत फिरतं, उष्णता खोक्यातल्या हवेच्या झडपेने कमी-जास्त होते. त्यामुळे दोन्ही होज गरम असतील तर दोष केबल किंवा झडपेचा. एक गरम, एक थंड असेल तर आत हवा अडकली आहे किंवा वाट तुंबली आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, गाडीचं नाक उंच करा, रेडिएटरचं झाकण काढा आणि मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कुलंटची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत कुलंट भरत राहा. दोन्ही होज कोमट असतील आणि तापमानाचा काटाही वर चढत नसेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे का ते आधी बघा.