दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या आजोबांची नोंद कशी करावी

१९४५ साली विशीत असलेला जवान आज शंभरीच्या उंबरठ्यावर आहे. घरात असे आजोबा अजून हयात असतील, तर कामाचा क्रम एकच: आधी आवाज, मग कागद. दप्तरातला कागद पुढच्या वर्षीही मिळेल. आजोबा वारले असतील तर थेट तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करा, पण आजी, आत्या आणि आजोबांची धाकटी भावंडं यांना जरूर विचारा. मनीऑर्डर कधी यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं, हे घरातल्या बायकांना जास्त नेमकं ठाऊक असतं.

पहिली पायरी: बैठकीची तयारी

सकाळचा चहा-नाश्ता झाल्यानंतरची वेळ सर्वांत चांगली. एका बैठकीला अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. त्यापुढे थकवा येतो आणि उत्तरं तुटक होत जातात. पंखा बंद करा, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये आवाजापेक्षा मोठी ऐकू येते. मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, त्यांच्यापासून हातभर अंतरावर जाड रुमालावर ठेवा आणि ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव, आजोबांचं पूर्ण नाव आणि हजर असलेल्यांची नावं मोठ्याने सांगा. हे राहिलं, तर वीस वर्षांनी ती फाइल कोणाची हेच घरात कळत नाही.

दुसरी पायरी: बोलतं करणं

‘युद्ध कसं होतं?’ या प्रश्नाला ‘लई वाईट’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. वस्तू आणि वाटा विचारा. भरतीला कुठे गेलात, गावातलं सोबत कोण होतं? पहिल्यांदा बूट घातले तेव्हा पायांचं काय झालं? गाडी कुठल्या स्टेशनातून सुटली? जहाजात झोपायचात कुठे? लंगरात भात मिळायचा की रोटी? पगार किती होता आणि घरी किती पाठवत होतात? बुटांवरून सुरू झालेली गोष्ट पुष्कळदा आपणहून आघाडीपर्यंत जाते.

उत्तर प्रश्नातच घालू नका. ‘तुम्ही टोब्रुकला होता ना?’ असं विचारलं की म्हातारा माणूस नातवाचं मन राखायला ‘हो’ म्हणतो आणि ते ‘हो’ पुढे कायमचं घरच्या इतिहासात जाऊन बसतं. ‘आफ्रिकेत कुठे कुठे गेलात?’ असं मोकळं विचारा. किती माणसं मारली हे विचारू नका. ते मध्येच थांबले तर निदान दहापर्यंत मनात मोजा. पुढचं वाक्य बहुधा त्या शांततेनंतर येतं. हात थरथरायला लागले किंवा डोळे भरून आले, तर त्या दिवसापुरतं तिथेच थांबवा. ऐंशी वर्षं आत ठेवलेली गोष्ट कधी सांगायची, सांगायची की नाही, हा निर्णय त्यांचाच आहे.

तिसरी पायरी: आर्मी नंबर आणि पलटण

ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे, जमिनीच्या कागदांत डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं पुस्तक, शोधा. त्यातल्या दोन गोष्टींवर पुढचं सगळं उभं आहे: आर्मी नंबर आणि बटालियन.

कागदावर ‘३/५’ असं दिसलं तर तो अपूर्णांक नव्हे, तारीखही नव्हे. मराठा लाइट इन्फंट्री त्या काळी पाचवी रेजिमेंट होती आणि ३/५ म्हणजे तिची तिसरी बटालियन. हा पहिला आकडा फार मोलाचा आहे. तिसरी बटालियन १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरनला लढली आणि पुढे इटलीत गेली. नाईक यशवंत घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो याच बटालियनमध्ये, १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी. दुसरी बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातल्या टोब्रुकला युद्धकैदी झाली. चौथी मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला जपान्यांशी लढली. रेजिमेंट एकच, पण आयुष्यं पार वेगळी. त्यामुळे नुसतं ‘मराठा पलटणीत होते’ एवढ्यावर इतिहास लिहायला बसलात, तर आजोबा भलत्याच खंडात पोचतात.

चौथी पायरी: पदकं वाचणं

डिस्चार्ज बुक हरवलं असेल तर पदकं पाहा. सहा टोकांच्या पिवळ्या धातूच्या चांदण्या म्हणजे मोहिमांचे स्टार. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार अशी नावं पुढच्या बाजूलाच कोरलेली असतात. आता चांदणी उलटी करा. ब्रिटिश सैनिकांचे स्टार कोरेच दिले गेले. भारतीय जवानांच्या स्टारवर मात्र मागे नंबर, हुद्दा, नावाची आद्याक्षरं, आडनाव आणि दल ठोकलेलं असतं. अक्षरं पुसट असतील तर खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा. सावलीमुळे अक्षरं उठून दिसतात. गोल पदकांची कडही फिरवून बघा.

पितळ चकचकीत करायची पावडर, चिंच, लिंबू यांपैकी काहीही लावू नका. घासण्याने आधी जातो तो नंबरच. कोरडं मऊ सुती फडकं पुरे.

पाचवी पायरी: रेकॉर्ड ऑफिसला अर्ज

पुष्कळ जण लंडनला पत्रं पाठवतात, पण भारतीय जवानांची सेवापुस्तकं तिथे नसतात. ती त्या त्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसकडे शोधायची: मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातलं सागर, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलासाठी खडकी, तोफखान्यासाठी नाशिक रोड, सिग्नल्स म्हणजे संदेशवहन दलासाठी जबलपूर. नौदलाच्या खलाशांसाठी मानखुर्द.

अर्जात नंबर, हुद्दा, वडिलांचं नाव, गाव, तालुका आणि तेव्हाचा जिल्हा लिहा. रायगड १९८१ पर्यंत कुलाबा होता आणि सिंधुदुर्ग रत्नागिरीतच होता. गाव संस्थानात असेल तर संस्थानाचं नाव द्या. इंग्रजी स्पेलिंग डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच उतरवा, चुकीचं वाटलं तरी. नात्याचा पुरावा आणि मृत्यू दाखला जोडा. आर्मी नंबर नसेल तर आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. आजोबांच्या किंवा आजीच्या नावे तिथे कधी मदतीचा अर्ज झाला असेल, तर त्या फाइलमध्ये नंबर सापडतो.

आजोबा आझाद हिंद सेनेत गेले असतील तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली कागदपत्रं पाहा; त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर बरंच वाचता येतं.

सहावी पायरी: पलटणीची डायरी

बटालियन नक्की झाली की तिची युद्ध-डायरी शोधा. हिच्यात रोजची हालचाल टिपलेली असते आणि या डायऱ्या मात्र लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये आहेत: मध्यपूर्वेच्या डब्ल्यूओ (वॉर ऑफिस) १६९ या मालिकेमध्ये, इटलीच्या १७० मध्ये, ब्रह्मदेशच्या १७२ मध्ये. जवानांची नावं तिच्यात क्वचितच असतात, पण त्या आठवड्यात पलटण कुठल्या डोंगरावर होती ते कळतं.

आता वहीत तीन रकाने आखा: तारीख, आजोबा काय सांगतात, कागद काय सांगतो. दोन्ही जुळले नाहीत तर कोणालाही खोटं ठरवू नका आणि त्यांच्या तोंडचं वाक्य ‘दुरुस्त’ करू नका. भरतीसाठी वय वाढवून सांगणं सर्रास चालायचं, म्हणून कागदावरची जन्मतारीखच चुकीची असू शकते. गावांच्या नावांचा उच्चार ते करतात तसाच लिहा आणि नकाशावरचं नाव शेजारच्या रकान्यात ठेवा.

सातवी पायरी: जपणूक

लॅमिनेशन करू नका. उष्णतेने शाई बिघडते आणि प्लास्टिक पुन्हा निघत नाही. सेलोटेप पिवळी पडून कागद खाते. कागद ३०० डीपीआयवर, फोटो ६०० वर, दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. फोटोमागचा स्टुडिओचा शिक्का कधी कधी छावणीचं गाव सांगतो. फोटोवरची नावं मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलीने, कडेला लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. कोकणातल्या दमट हवेत ट्रंक भिंतीपासून आणि जमिनीपासून उचलून ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्याआधी बदला. डांबरगोळ्या फोटोंजवळ नकोत.

रेकॉर्डिंग आणि स्कॅनच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा. टिपणाची छापील प्रत गावच्या वाचनालयात द्या. तिच्या पहिल्याच पानावर आर्मी नंबर आणि बटालियन ठळक असू द्या, म्हणजे त्याच पलटणीतल्या दुसऱ्या जवानाची नातवंडं तुमच्यापर्यंत पोचू शकतील.