जीआर निघाला म्हणजे नेमकं काय झालं?

तहसील कचेरीच्या आवारात मी अर्ज टाइप करून देते. समोर बसणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला: "ताई, जीआर निघालाय ना?" कोणत्या विभागाचा, कधीचा, असं विचारलं की उत्तर येतं, "टीव्हीवर दाखवला की!"

टीव्हीवर दाखवतात तो बहुधा मंत्रिमंडळाचा निर्णय. बैठकीत ठरलं, मंत्र्यांनी बाहेर येऊन सांगितलं, तरी तेवढ्यावर तालुक्याचा कारकून कागद पुढे सरकवू शकत नाही. "आमच्याकडे जीआर आला नाही" असं तो म्हणतो तेव्हा दर वेळी टोलवतच असतो असं नाही. जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघाला की मगच लाभ कोणाला, अटी कोणत्या, अर्ज कोणाकडे, पैसा कुठून, हे कागदावर येतं. सही अवर सचिवाची किंवा उपसचिवाची असते, पण त्यावर छापलेलं असतं "महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने". राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ नुसार राज्याचा कारभार राज्यपालांच्या नावानंच चालतो.

जीआरला कायदा म्हणू नका. विधिमंडळ करतं तो अधिनियम, राजपत्रात छापून येते ती अधिसूचना, आणि परिपत्रकात बहुतेकदा आधीच्याच आदेशाचा खुलासा असतो. कायद्याच्या विरोधात जाणारा जीआर कोर्टात टिकत नाही. दुसऱ्या राज्यातल्या नातेवाइकांशी बोलताना गोंधळ होतो तो वेगळाच: उत्तर प्रदेशात शासनादेश म्हणतात, तमिळनाडूत जीओ. गुजरातेत मात्र जीआरच, जुन्या मुंबई राज्याची सवय.

आता वाचायचा कसा? आधी तारीख बघा, मग "वाचा" या शब्दाखालची यादी. त्यात आधीचे संबंधित जीआर असतात. प्रस्तावना वाचा, पण तिच्यावर विसंबू नका. तिचा शेवट ठरलेला असतो, "…बाब शासनाच्या विचाराधीन होती". नेमकं एवढंच पान लोक मोबाइलवर फिरवतात आणि इथं येऊन भांडतात. हक्क सांगायचा तो त्याच्या खालच्या "शासन निर्णय" या मथळ्यापासून पुढे. तिथं "अधिक्रमित" शब्द दिसला तर जुना जीआर संपला, "अंशतः बदल" दिसलं तर जुना आणि नवा दोन्ही शेजारी ठेवून वाचायचे.

लाडकी बहीण योजनेत हेच झालं. २८ जून २०२४ च्या जीआरमध्ये वयाची मर्यादा ६० होती, पाच एकरांहून जास्त शेती असलेलं कुटुंब बाद होतं, मुदत १५ जुलैची. लगेच ३ जुलैला दुसरा जीआर आला: वय ६५, शेतीची अट गेली, मुदत ३१ ऑगस्ट. पहिल्याचीच झेरॉक्स घेऊन "आपलं काही होत नाही" म्हणत घरी बसलेल्या बायका मी पाहिल्यात. पुढेही बदल होत गेले, म्हणून शेवटचा जीआर कोणता हे आधी शोधायचं.

शोधायला शासनाच्या संकेतस्थळावर जीआरचं वेगळं पान आहे, फुकट. जीआरच्या शेवटी १८ आकडी संकेतांक असतो. तो तिथं टाकला की मूळ कागद उघडतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. मोबाइलवर आलेल्या कागदावर संकेतांकच नसेल, किंवा शोधून काहीच उघडत नसेल, तर तो घेऊन कचेरीत जाऊ नका.

अर्जात नुसतं "जीआरप्रमाणे कार्यवाही व्हावी" लिहिलं की अर्ज तिथंच झोपला. माझ्याकडे सगळ्यात जास्त चालणारा संदर्भ सांगते. साध्या दाखल्यासाठी कोणी शपथपत्र किंवा अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याच्या प्रती मागितल्या की मी विषयाखाली टाइप करते:

"संदर्भ : शासन निर्णय, सामान्य प्रशासन विभाग, क्र. प्रसुधा १६१४/३४५/प्र.क्र.७१/१८-अ, दि. ९ मार्च २०१५."

प्र.क्र. म्हणजे प्रकरण क्रमांक, त्यापुढचं १८-अ हे मंत्रालयातलं कार्यासन, म्हणजे ते प्रकरण हाताळणारं टेबल. या जीआरनं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः सही केलेल्या प्रती चालतील असं ठरवलं. कायद्यानंच शपथपत्र मागितलं असेल तिथं मात्र ही सवलत नाही, तेव्हा सरसकट वाद घालू नका. सोबत जीआरची प्रत जोडा, लागू पडणाऱ्या परिच्छेदाखाली पेनानं रेघ मारा. बारा पानं चाळायला टेबलावरच्या माणसाला वेळ नसतो, एक रेघ तो वाचतो.

अर्ज तोंडी नाकारला तर वाद घालत बसू नका. आवक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.