प्लास्टिकच्या जहाजावर समुद्राच्या खुणा: वॉश कसा द्यावा

संचातून जोडलेले प्लास्टिकचे जहाज कितीही नेटके रंगवले, तरी ते प्रथम खेळण्यासारखेच दिसते, कारण त्याच्या प्रत्येक भागावर रंग सारखाच बसलेला असतो. खऱ्या जहाजावर पाणी सतत वाहते आणि जिथे ते अडते किंवा ओघळते तिथे खूण सोडते. ही खूण उमटवण्यासाठी वॉश वापरतात. वॉश म्हणजे भरपूर पातळ केलेला रंग. तो उंचवट्यांवर थांबत नाही, केशाकर्षणाने खाचांत आणि सांध्यांत जाऊन बसतो. म्हणून कुंचला हातात घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या जागी पाणी कुठून आले असते आणि कुठे गेले असते?

सरावासाठी ‘फ्लॉवर’ वर्गाच्या कॉर्व्हेट या लहान युद्धनौकेसारखे दुसरे उदाहरण मला सुचत नाही. व्हेलची शिकार करणाऱ्या बोटीच्या आराखड्यावरून बेतलेल्या या सुमारे ६२ मीटर लांबीच्या नौका दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात व्यापारी जहाजांच्या ताफ्यांचे रक्षण करीत. त्या ओल्या गवतावरसुद्धा डोलतील, असे खलाशी म्हणत. सततच्या खाऱ्या तुषारांत रंगरंगोटीला सवड नसे, आणि पुष्कळ नौकांचा रंग पांढरा, फिकट निळा व फिकट हिरवा असल्यामुळे गंजाचा प्रत्येक ओघळ उठून दिसे. (यांपैकी ‘चार्लॉक’ ही नौका १९४६ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीकडे आली आणि तिचे नाव ‘मराठा’ झाले, हे आपल्याकडच्या छांदिष्टांना विशेष जवळचे वाटेल.) रेव्हेल कंपनीच्या १/१४४ प्रमाणातील ‘स्नोबेरी’ या याच वर्गातील नौकेच्या संचातून सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीचे जहाज तयार होते, आणि वॉशचा हात बसवायला हा आकार सोयीचा आहे.

पहिली पायरी पायाची आहे. मूळ रंग अॅक्रिलिक असावा आणि वॉश तैलरंगाचा किंवा एनॅमलचा असावा, म्हणजे वॉश पुसताना वापरलेले टर्पेंटाइन खालच्या रंगाला धक्का लावत नाही. रंग पूर्ण वाळल्यावर आणि चिकटचित्रे लावून झाल्यावर संपूर्ण जहाजावर चकचकीत वार्निशचा पातळ थर द्यावा आणि किमान २४ तास थांबावे. मॅट, म्हणजे चमक नसलेला, पृष्ठभाग वॉश शोषून घेतो आणि त्यावर डाग पडतात; चकचकीत पृष्ठभागावरून तो सहज वाहतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकण किनाऱ्यावर, दमट हवेत फवारलेले वार्निश पांढुरके होऊ शकते. त्यामुळे हवा कोरडी असलेला दिवस निवडावा.

वॉश तयार करण्यासाठी नळीतला तैलरंग थोडा वेळ जाड पुठ्ठ्यावर ठेवावा, म्हणजे त्यातले जादा तेल शोषले जाते. मग मुगाच्या दाण्याएवढा रंग घेऊन त्यात थोडे थोडे टर्पेंटाइन मिसळत राहावे. मिश्रण पातळ कोऱ्या चहासारखे झाले की पुरे. पांढऱ्या बशीत ते तिरके फिरवून पाहावे: मध्ये पारदर्शक दिसले आणि काठाशी गडद झाले, तर प्रमाण बरोबर आहे. शुद्ध काळा रंग फिकट जहाजावर कधीही वापरू नये. तो सावलीऐवजी शाईची रेघ वाटतो. त्याऐवजी रॉ अंबर या मातकट तपकिरी रंगात थोडा पांढरा मिसळून राखट तपकिरी छटा करावी.

आता बारीक कुंचल्याच्या टोकाने तोफेच्या चौथऱ्याच्या बुडाशी, दारांच्या कडांना आणि पत्र्यांच्या सांध्यांना नुसता स्पर्श करावा. रंग आपोआप धावतो. संपूर्ण जहाज एकदम ओले करू नये. एका वेळी तळहाताएवढा भाग घ्यावा. टर्पेंटाइन रंग न लागलेल्या सांध्यात साचले तर प्लास्टिक ठिसूळ होते. माझ्या एका जहाजाचे ताणून चिकटवलेले डेक याच कारणाने रात्रीत तडकले होते, तेव्हापासून मी जास्तीचा थेंब लगेच कागदाच्या टोकाने टिपतो.

सुमारे अर्ध्या तासाने पुसण्याचे काम सुरू करावे, आणि माझ्या मते खरे कौशल्य इथेच आहे. सपाट कुंचला टर्पेंटाइनमध्ये बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा करावा आणि जहाजाच्या बाजूंवर नेहमी वरून खाली ओढावा. सगळा वॉश काढायचा नसतो. कोपऱ्यात सावली राहावी आणि मोकळ्या पृष्ठभागावर नुसता आभास उरावा. नंतर जहाज रात्रभर वाळू द्यावे.

गंजाचे ओघळ वेगळ्या वेळी करावेत. नांगराच्या साखळीचे भोक आणि डेकवरचे पाणी बाहेर सोडणारी छिद्रे यांच्या खाली बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) यांच्या मिश्रणाचा अगदी लहान ठिपका द्यावा, दहा मिनिटे थांबावे आणि स्वच्छ, दमट कुंचल्याने तो खाली ओढावा, म्हणजे ओघळ वर दाट आणि खाली निमुळता होत विरतो. जहाज या वेळी पाण्यावर तरंगते तसे सरळ धरावे, म्हणजे जलरेषा (पाणी बाजूंना जिथवर पोचते ती रेषा) आडवी राहते. नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, उतार तिरका असला तरी पाणी सरळ खालीच येते. प्रमाणाचे भान ठेवावे: १/१४४ मध्ये एक मीटरचा ओघळ जेमतेम ७ मिलिमीटर भरतो. धुराड्याच्या तोंडाशी काजळीची तपकिरी-काळी छटा आणि जलरेषेवर शेवाळाचा मळकट हिरवा पट्टा पुरेसा आहे. छायाचित्रे जवळ असावीतच. मुंबईत राहणाऱ्यांनी दारुखान्याकडे मोडायला आलेली जहाजे दुरून न्याहाळली, तर छिद्राखालचा ओघळ कुठे रुंद होतो आणि कुठे संपतो, हे डोळ्यांत भरते.

काम करताना खिडकी उघडी असावी आणि जवळ ज्योत नसावी. तैलरंगाची कापडे चुरगळून टाकू नयेत, कारण तैलरंगातले जवसाचे तेल वाळताना तापते आणि चुरगळलेले कापड पेट घेऊ शकते. ती पसरून वाळवावीत.

दोन-तीन दिवसांनी मॅट वार्निशचा थर द्यावा. त्याने वॉश थोडा फिका पडतो, म्हणून आधी तो किंचित गडद ठेवलेला बरा. एखादा ओघळ अगदीच हरवला, तर मॅट थरावर त्याच जागी आणखी पातळ रंगाचा एक ठिपका द्यावा आणि मगच डोलकाठीचे दोरे ताणायला घ्यावेत.