रेडिओवर प्रश्नमंजुषा घ्यायची तर

आमच्या केंद्रावर दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातला प्रश्नमंजुषा असते. साडेसातच का, तर तोवर माणसं डेअरीला दूध घालून घरी आलेली असतात आणि चुलीवर तवा चढलेला असतो. हात गुंतलेले, कान मोकळे. सुरुवातीला आम्ही साडेपाचची वेळ ठेवली होती. तीन आठवडे जेमतेम दोन-दोन फोन आले. धारेच्या वेळेला म्हशीखालून उठून फोन कोण लावणार? नवीन केंद्र सुरू करणाऱ्यांना मी पहिलं हेच सांगते: प्रश्न काढायच्या आधी गावाचा दिवस बघा.

आमचा भाग सातारा जिल्ह्याच्या पूर्वेचा, कमी पावसाचा. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर मी केंद्रावर यायला लागले. २००६ च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओचा, म्हणजे आसपासच्या गावांपुरत्या छोट्या रेडिओ केंद्राचा, परवाना मिळायला लागला. ट्रान्समीटर लहान, शंभर वॉटचा, त्यामुळे आवाज दहा-पंधरा किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला तर त्याहून कमी. म्हणजे ऐकणारा बहुतेक ओळखीचाच निघतो. चुकलात तर शनिवारच्या बाजारात गाठून सांगतो.

अर्ध्या तासात पाच प्रश्न पुरे होतात. प्रश्न दोनदा सावकाश वाचायचा, मग एक गाणं लावायचं, गाणं संपलं की तिसऱ्यांदा वाचायचा. गाण्याच्या त्या चार मिनिटांत फोन येतात. माईकवर एक आणि फोनवर एक अशी दोन माणसं लागतातच. एकट्याने करायला जाऊ नका. फोनवरच्याने नाव, गाव आणि वेळ वहीत लिहायची आणि प्रत्येकाला सांगायचं, "घरातला रेडिओ बारीक करा." नाही केला तर दोन आवाज एकमेकांत मिसळून कुई वाजते आणि ऐकणारा स्टेशन बदलतो.

पहिला फोन ज्याचा त्याला बक्षीस, असं आम्ही फक्त पहिला महिनाभर केलं. ते न्यायाचं नव्हतं. टेकाडावरच्या वस्तीला चांगली रेंज, ओढ्याकाठच्या वस्तीतल्या माणसाला फोन लावायला गच्चीवर जावं लागतं. आता गाणं चालू असेपर्यंत आलेले सगळे फोन सारखे धरतो, मिस्ड कॉलसुद्धा. मिस्ड कॉल दिलेल्यांना आम्ही उलट फोन लावून उत्तर लिहून घेतो. बरोबर उत्तर देणाऱ्यांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि त्या वेळी केंद्रावर हजर असेल त्या लहान मुलाकडून एक उचलायची. एकदा जिंकलेल्याला पुढचे सहा आठवडे चिठ्ठी नाही. केंद्रावर काम करणाऱ्यांच्या घरच्यांना तर कधीच नाही, हे दर गुरुवारी सुरुवातीलाच जाहीर सांगायचं.

बायकांचे फोन यायचेच नाहीत, कारण फोन घरातल्या पुरुषाच्या खिशात. मग आम्ही बचत गटाला मिळून एक उत्तर द्यायची मुभा दिली. गटाची बैठक गुरुवारी ठेवायला लागल्या काही जणी. मागून कुजबुज ऐकू येते, "अगं माहुली नव्हं, कराड म्हण!" हे ऐकताना मला फार बरं वाटतं.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न. कृष्णेला कुठली नदी मिळते, असं विचारलंत तर भांडण ठरलेलं. संगम माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा. म्हणून गावासकट विचारा. खाशाबा जाधवांवर प्रश्न हवाच, कराडजवळच्या गोळेश्वरचे ते. पण 'भारताला पहिलं ऑलिंपिक पदक कुणी मिळवून दिलं' असा काढू नका. हॉकीचं सुवर्ण १९२८ पासून आहे आणि १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदकं घेतली होती. 'स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक, १९५२, हेलसिंकी' एवढे सगळे शब्द प्रश्नात आले पाहिजेत.

हे मी ठेच खाऊन शिकले. एकदा विचारलं, यशवंतराव चव्हाणांचा जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला? माझ्या कागदावर उत्तर होतं सांगली, कारण त्यांचं जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. एका आजोबांनी सातारा सांगितलं. मी चूक म्हणून पुढच्याला घेतलं. कार्यक्रम संपल्यावर त्यांचा परत फोन आला. "बाळ, १९१३ साली सांगली जिल्हा होता तरी कुठं?" खरंच नव्हता. दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० ला. पुढच्या गुरुवारी मी पहिल्याच मिनिटाला चूक सांगितली, आजोबांचं नाव घेऊन माफी मागितली आणि त्यांनाही बक्षीस दिलं. तेव्हापासून प्रत्येक उत्तर दोन ठिकाणी तपासून, कुठून घेतलं ते वहीत लिहिल्याशिवाय मी माईकसमोर बसत नाही.

चालू राजकारणावर प्रश्न ठेवत नाही. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या राजकीय बातम्या द्यायची परवानगी नाही, आणि तसल्या प्रश्नांनी गावात दोन तट पडतात ते वेगळंच.

मोबाइलवर शोधून उत्तर देतात, अशी तक्रार सगळीकडे असते. त्यावर रेडिओकडे स्वतःचा उपाय आहे तो म्हणजे आवाज. पाचवा प्रश्न आमच्याकडे कायम 'आवाज ओळखा' असतो. एकदा पहाटे गोठ्यात जाऊन चरवीत पडणारी धार मी फोनवर रेकॉर्ड केली. रिकाम्या चरवीच्या तळावर पहिली धार टणटण वाजते. तळ झाकला की आवाज जड होतो, आणि वर फेस आला की नुसतं सर्र, सर्र. वीस सेकंद वाजवलं. त्या दिवशी वहीत एकेचाळीस फोन लिहिले गेले. एका आजीने तर सांगितलं, "धार काढणारी बाई डावखुरी हाय, ताल उलटा पडतोय." धार काढली होती माझ्या जावेने, आणि ती डावखुरीच आहे. रेकॉर्ड करताना फोन चरवीपासून हातभर लांब धरा, पंखा आणि मोटर बंद करा. वारा असेल तर फोनभोवती सुती रुमाल गुंडाळा.

बक्षीस मोठं नको. मोठ्या बक्षिसाने संशय वाढतो. आम्ही स्टीलचा डबा, वह्यांचा गठ्ठा, भाजीपाल्याच्या बियांची पाकिटं देतो. प्रवेशाला पैसे कधीच घेऊ नका. बक्षीस आठवड्याच्या आत पोचलं पाहिजे. आमचं दुधाच्या गाडीतून गावच्या डेअरीवर जातं आणि तिथे विजेता वहीत सही किंवा अंगठा करून नेतो. ती वही परत आली की मगच पुढच्या गुरुवारी नाव वाचून दाखवायचं.