तंदूर-शेगडीचं काम शिकताय? कोळशाआधी हवा सांभाळा

कोल्हापुरात हॉटेल लाइनीत तंदूरवर नवा पोरगा लागला की पहिले दीड-दोन महिने त्याच्या हातात शीग (कोंबडी-पनीर ओवून भाजायची सळई) येत नाही. कोळसा फोडायचा, पेटवायचा, राख काढायची. बऱ्याच जणांना हे हमालीचं काम वाटतं आणि ते कंटाळून सोडून जातात. ही मोठी चूक आहे. मसाला कुणीतरी सकाळीच लावून ठेवलेला असतो, कणीक दुसऱ्याने मळलेली असते. तंदूरवाल्याच्या हातात फक्त धग असते, आणि ती जमली नाही तर बाकीच्या सगळ्यांची मेहनत वाया जाते.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. धग कमी पडली की नवशिका कोळसा टाकतो, तर जाणता माणूस आधी राख बघतो. कोळसा हवेवर जळतो. निखाऱ्यावर पांढऱ्या राखेचं कवच चढलं की आत इंगळ लाल असूनही बाहेर धग येत नाही, कारण राख हवाही अडवते आणि उष्णताही. अशा वेळी वर थंड कोळसा ओतला तर तो खालच्याचीच धग पितो, धूर करतो आणि पुढची दहा-पंधरा मिनिटं तंदूर आणखी मंद पडतो. त्याऐवजी सळईने निखारे हलवा, राख खाली झाडा, खालचं हवेचं भोक मोकळं करा. निम्म्या वेळा एवढ्यावरच काम भागतं.

कोळसा घेतानाही डोळे आणि कान उघडे ठेवा. चांगला लाकडी कोळसा एकमेकांवर आपटला तर खणखण वाजतो आणि मोडल्यावर आत काळी चमक दिसते. ठक्क असा बोदा आवाज आला तर तो ओला आहे किंवा नीट भाजलेला नाही. मध्ये तपकिरी लाकूड दिसत असेल तर तो तुकडा बाजूला काढा, तो ज्वाळा आणि धूर दोन्ही करणार. बाभळीचा कोळसा जड असतो, उशिरा पेटतो आणि जास्त टिकतो. हलक्या लाकडाचा पटकन फुलतो आणि पटकन बसतो. तंदूरला जड कोळसा घ्या, पेटवणीला हलका चालेल. तुकडे कोंबडीच्या अंड्याएवढे फोडा. मोठे ढेकळे मधूनच विझतात, आणि चुरा झाला तर हवेच्या वाटा बुजतात. पोत्याच्या तळाचा चुरा थेट तंदुरात ओतणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

कोल्हापूरचा पावसाळा हा तर वेगळाच धडा. कोळसा हवेतली ओल शोषून घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीवर ठेवलेलं पोतं तळापासून ओलावतं. असा कोळसा पेटताना तडतडतो, ठिणग्या उडवतो आणि त्याची बरीच धग पाणी उडवण्यातच जाते. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. दुसऱ्या दिवशी लागणारा कोळसा आदल्या रात्री पत्र्याच्या डब्यात भरून तंदूरजवळ, पण ठिणगी पोचणार नाही एवढ्या अंतरावर ठेवा. आमचं तर मत आहे की शिकायला सुरुवात श्रावणातच करावी. कोंबडी-मटणाची गर्दी ओसरलेली असते, वस्तादला शिकवायला सवड असते, आणि ओल्या हवेत ज्याला विस्तव जमला त्याला बाकीचं वर्ष जड जात नाही.

पेटवायला रॉकेल-पेट्रोल कधीही वापरू नका. अर्धवट फुललेल्या कोळशावर ओतलं तर वाफ होऊन भडका थेट तोंडावर येतो, आणि वास अन्नात उतरतो तो वेगळाच. गॅसच्या भट्टीवर लोखंडी जाळीत दहा-बारा मिनिटं कोळसा धरला की पुरतो. गॅस मोकळा नसेल तर बुडाला आणि बाजूला भोकं पाडलेला जुना तेलाचा डबा घ्या, खाली कागद किंवा शेणीचे (गोवरीचे) दोन तुकडे, वर कोळसा. हवा खालून वर ओढली जाते आणि वीसेक मिनिटांत सगळा डबा फुलतो. कडा पांढुरक्या आणि पोट लाल दिसलं की तयार. हुक्क्यासाठी मिळतात त्या काडी लावताच पेटणाऱ्या टिकल्या मात्र स्वयंपाकात आणू नका. त्यात पेट घ्यायला सोऱ्यासारखा पदार्थ घातलेला असतो. डाळीला किंवा कोंबडीला धुंगार, म्हणजे धुराचा वास, द्यायलाही साधा लाकडी निखाराच घ्या.

आता तंदूर. हॉटेलातल्या मध्यम तंदूरला सुरुवातीला चार-पाच किलो कोळसा लागतो आणि मातीची भिंत पोटातून तापायला तास ते सव्वा तास जातो. साडेसातला पहिली ऑर्डर येणार असेल तर सहाला विस्तव आत गेलेला हवा. भिंत तापताना नीट बघा. आधी तिच्यावर काजळी धरते आणि आतून सगळी काळी होते. मग धग वाढली की तीच काजळी जळून जाते आणि काळ्या भिंतीवर खालून वर मातीचा फिका रंग उमटत येतो. हा फिका पट्टा रोटी लावायच्या जागेच्या वर गेला की तंदूर तयार. त्याआधी लावलेली रोटी काजळी घेऊनच बाहेर येते.

रोटी दोन बाजूंनी दोन वेगळ्या धगींवर भाजते, हे कळलं की निम्मे दोष आपोआप ओळखता येतात. पाठ भिंतीला चिकटलेली असते, तिला भिंतीची उष्णता मिळते. तोंडाकडच्या बाजूला निखाऱ्यांची आणि समोरच्या भिंतीची धग लागते. पाठ करपली आणि तोंड पांढरं राहिलं, तर भिंत तापलेली आहे पण निखारे राखेत निजलेत: हलवा, हवा द्या. तोंडावर काळे डाग आणि पाठ कच्ची, तर विस्तव जोरात आहे पण भिंतीने अजून धग धरलेली नाही: हवेचं भोक अर्धं लावा आणि दहा मिनिटं थांबा. रोटी सुटून निखाऱ्यात पडत असेल तर भिंत थंड आहे, किंवा पाठीला पाणी कमी लागलंय, किंवा कोरडं पीठ जास्त राहिलंय. ठीक तापलेल्या तंदुरात रोटी एक-दीड मिनिटात होते. गद्दीने (रोटी लावायच्या कापडी उशीने) ती एका दमात दाबायची, चाचपडत नाही. काढताना जोडीची एक सळई आकड्याने धरते आणि दुसरी खरवडते, दोन्ही हात एकाच वेळी चालले पाहिजेत.

भिंत फार तापली म्हणून आत तांब्याभर पाणी मारणारे लोक आहेत. माती तडकते. हवेचं भोक बंद करून झाकण उघडं ठेवा, पाच-दहा मिनिटांत धग उतरते. भोक आणि झाकण मिळून धग कशी चालते तेही समजून घ्या. दोन्ही उघडी असली की विस्तव जोर धरतो. खालचं बंद आणि वरचं अर्धं असलं की आहे ती धग टिकते. दोन्ही बंद केली की कोळसा निजतो आणि वाचतो. दुपारचं गिऱ्हाईक संपल्यावर असा निजवलेला तंदूर संध्याकाळी निम्म्या वेळात उठतो.

नवा तंदूर बसवला तर त्याच दिवशी रोटी लावायची घाई करू नका. पालक वाटून त्यात गूळ, मीठ, ताक आणि थोडं मोहरीचं तेल घालतात आणि आतल्या भिंतीला चोळतात. गूळ तर आपल्याकडे घरचाच. मग अगदी बारीक विस्तव, मूठ-दोन मुठी निखारे, काही तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा लेप, पुन्हा विस्तव, थोडा वाढवून. मातीत उरलेली ओल हळूहळू गेली पाहिजे. एकदम धग दिली तर तीच ओल वाफ होऊन माती फोडते. केसासारख्या बारीक भेगा पडल्या तर घाबरू नका, त्या चालतात. बोटाचं नख आत जाईल अशी भेग मात्र पुढे वाढते.

शेगडीवरचं काम तंदूरपेक्षा सोपं दिसतं, पण तिथे हवा चारी बाजूंनी येते, त्यामुळे लक्ष जास्त द्यावं लागतं. सगळीकडे सारखा कोळसा पसरू नका. शेगडीच्या दोन तृतीयांश भागात दाट थर, एका बाजूला विरळ किंवा रिकामा. दाट बाजूला रंग आणायचा, विरळ बाजूला आतून शिजवायचं. शीग निखाऱ्यापासून चार ते सहा इंच वर हवी. धग हाताने मोजता येते: शिगेच्या उंचीवर तळहात आडवा धरा. दोन-तीन आकडे मोजेपर्यंत ओढावा लागला तर तेज, चार-पाचला मध्यम, आठ-दहापर्यंत टिकला तर मंद. तेज धगीवर पनीर, मध्यमवर बिनहाडाची कोंबडी, आणि हाडासकट तंगडी आधी मध्यमवर, मग विरळ बाजूला. कोंबडीच्या जाड भागात, हाडाच्या जवळ, 74 अंश सेल्सियस आलंच पाहिजे. सळईसारखा थर्मामीटर फार महाग नसतो, पहिल्या पगारात घ्या.

चरबी गळली की ज्वाळा उठते. गुऱ्हाळावरच्या चुलवाणात (गुळाच्या मोठ्या चुलीत) उसाच्या चिपाडाची ज्वाळा कढईला लागली पाहिजे, शेगडीवर मात्र ज्वाळा म्हणजे काजळी आणि कडूपणा. पाणी शिंपडलं तर राख उडून मांसावर बसते. शीग विरळ बाजूला सरकवा आणि त्या जागी झाऱ्याने थोडी राख टाका. नवा कोळसा लागणार हे धग उतरायच्या आधी ओळखायला हवं. बाजूच्या डब्यात सात-आठ तुकडे सतत फुलत ठेवा आणि वीस-पंचवीस मिनिटांनी तीन-चार पेटलेलेच आत सरकवा. रविवारी रात्री आठ ते दहा या वेळेत हा डबा रिकामा राहिला तर पुढचा अर्धा तास सावरता येत नाही.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट, आणि ही कळकळीने सांगतोय. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं अजिबात नाही. उलट फुललेला, बिनधुराचा निखारा जास्त फसवतो. डोकं दुखणं, मळमळ, पाय गळाल्यासारखं वाटणं, झोप येणं ही त्याची लक्षणं. ताबडतोब मोकळ्या हवेत या आणि सोबत्यालाही बाहेर काढा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हॉटेलाच्या मागच्या खोलीत झोपणारी पोरं उरलेल्या निखाऱ्यांची शेगडी आत घेऊन दार लावतात. हे कधीही करू नका. खिडकीची फट पुरत नाही. पांघरूण मागून घ्या, मालकाशी भांडायची वेळ आली तरी मागून घ्या. आणि ज्या किचनमध्ये तंदूरवर धुराडं किंवा एक्झॉस्ट नाही तिथे नोकरी धरू नका.

कपडे सुती घाला, टेरिकॉट-नायलॉन ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. चटका बसला तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

पुढचा विचारही आत्तापासून ठेवा. मुंबईत 2025 मध्ये महापालिकेने कोळशाचे तंदूर बंद करून गॅस किंवा विजेवर यायच्या नोटिसा हॉटेलांना दिल्या. तिकडे काम करायचं मनात असेल तर गॅसचा तंदूरही शिकून घ्या. त्यात राख नाही, पण भिंत तापणं आणि विस्तवाची धग हे गणित तेच आहे.

रात्री बंद करताना निखारे निजवून झाकण लावा. राख काढायची असेल तर झाकण असलेल्या पत्र्याच्या बादलीत भरा, प्लॅस्टिकच्या घमेल्यात किंवा पोत्यात नाही. वरून थंड लागणाऱ्या राखेच्या पोटात दुसऱ्या दिवशीही इंगळ जिवंत असतो. ती बादली कोळशाच्या पोत्यापासून लांब, फरशीवर ठेवा, आणि सकाळी सळई आत घालून बघितल्याशिवाय कचऱ्यात ओतू नका.