कार्ट्रिजवर चालणारा जुन्या धाटणीचा हातातला कन्सोल घ्यावा का?

कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचे यंत्र, निवडण्याआधी त्यात खोचायची कार्ट्रिज (खेळ साठवलेल्या छोट्या डब्या) पाहावीत, कारण यंत्र एकदाच घ्यायचे असते, खर्च मात्र पुढे कार्ट्रिजवर होत राहतो. २०२० साली आलेल्या एव्हरकेड या कन्सोलच्या एकेका कार्ट्रिजमध्ये बहुधा अनेक जुने खेळ रीतसर परवान्याने दिलेले असतात. त्या यादीतले निदान चार-पाच खरोखर खेळावेसे वाटत नसतील, तर तिथेच थांबावे. निन्टेन्डोच्या १९८९ च्या गेम बॉय या हातातल्या कन्सोलची मूळ कार्ट्रिज एव्हरकेडमध्ये चालत नाहीत. त्यांच्यासाठी अ‍ॅनालॉग पॉकेटसारखे यंत्र लागते, आणि ते परदेशातून मागवताना सीमाशुल्क हिशेबात धरावे.

ठाण्यात किंवा वाशीत कोणाकडून वापरलेला मूळ गेम बॉय घेणार असाल, तर चार पेन्सिल सेल सोबत न्यावेत, मागचे झाकण उघडून पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर चढला आहे का ते पाहावे, आणि खेळ जतन करून यंत्र बंद-चालू करावे. जतन केलेले पुसले गेले, तर बहुधा कार्ट्रिजमधला बटणासारखा सेल संपलेला असतो. तो डाख देऊन बसवलेला असल्याने बदलायला कारागीर लागतो, पण एवढ्यासाठी आवडता खेळ सोडू नये. मूळ गेम बॉयच्या पडद्यामागे दिवा नसतो, त्यामुळे ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत, माणसांच्या सावलीत खेळायचे असेल, तर माझ्या मते नवे यंत्रच घ्यावे.